जिना, सापळा आणि पदर

१९८४ सालची गोष्ट. आठवीचा वर्ग, श्रावणातली दुपार, पत्र्यावर पावसाचा आवाज. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत ‘डेक्कन ट्रॅप’ असे लिहिले होते आणि त्याखाली नेहमीची उतरंड: लाव्हारसाचे थर, बेसाल्ट खडक, काळी कसदार मृदा, कापूस. भूगोलाच्या मास्तराला ही उतरंड झोपेतही म्हणता येते. मुलेही ती तशीच उतरवून घेत होती. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ट्रॅप म्हंजी सापळाच की. मग आपण समदी सापळ्यात ऱ्हातो व्हय?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, “परीक्षेत विचारत नाहीत ते. बस खाली.”

तो बसला. मी कापसाकडे वळलो. खरे कारण असे होते की मला उत्तर येत नव्हते. इंग्रजीत ट्रॅप म्हणजे सापळा, एवढेच मलाही ठाऊक होते आणि आपल्या पायाखालच्या खडकाला सापळा का म्हणतात, हा प्रश्न शिकताना किंवा शिकवताना मला कधी पडलाच नव्हता. पुढे निवृत्त होईपर्यंत मी तो शब्द किती वेळा फळ्यावर लिहिला असेन याची गणती नाही. त्या मुलाला मात्र उत्तर द्यायचे राहिले ते राहिलेच. आज हे लिहिताना त्याचीच आठवण आहे.

उत्तर सापडले ते अगदी योगायोगाने. उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तरपत्रिका तपासायला पुण्याला गेलो होतो. दुपारची वेळ काढायला ग्रंथालयात बसलो असताना समोर जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. सहज ‘ट्रॅप’ काढला. पहिली नोंद अर्थातच सापळ्याची. तिच्याखाली त्याच वर्णांच्या आणखी दोन-तीन वेगळ्या नोंदी होत्या, जशी एकाच आडनावाची पण नात्यात नसलेली घरे एका गल्लीत असावीत तशा. त्यातल्या एकीत खडकाचा अर्थ दिला होता आणि पुढे मूळ शब्द: स्वीडिश ‘त्राप्पा’, म्हणजे जिना. पायऱ्या!

मी तसाच उठून खिडकीशी गेलो. पुण्याच्या त्या खिडकीतून टेकडीचा एक तुकडा दिसत होता. आयुष्यभर पाहिलेल्या टेकड्या. एक उभा काळा टप्पा, त्यावर गवताची आडवी पट्टी, पुन्हा उभा टप्पा, पुन्हा गवत. साक्षात जिना. ज्याचे नाव शिकवत होतो, ती वस्तू वर्गाच्या खिडकीबाहेर उभी होती आणि मी मुलांना फळ्याकडे पाहायला सांगत होतो.

हा शब्द जन्मला आपल्यापासून हजारो मैलांवर. स्वीडनच्या दक्षिण भागात वॅस्टरयोतलंड नावाचा प्रांत आहे. तिथे सपाट माथ्याचे काही ठेंगणे डोंगर आहेत. त्यांतला कीनेकुले हा विशेष प्रसिद्ध. उंची समुद्रसपाटीपासून अवघी ३०६ मीटर, म्हणजे आपल्याकडे कुणी त्याला डोंगर म्हणेल की नाही शंकाच. पण वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसही १७४६ साली मुद्दाम तो पाहायला गेला होता. खाली वालुकाश्म, त्यावर काळपट शेल, त्यावर चुनखडक, पुन्हा शेल आणि सगळ्यात वर टोपीसारखा एक काळा कठीण खडक. मऊ थर झिजतात, कठीण थर कड उभी करून राहतात आणि डोंगर पायरीपायरीने वर चढतो. अठराव्या शतकातल्या स्वीडिश खनिजतज्ज्ञांनी अशा डोंगरांवरच्या काळ्या खडकाला ‘त्राप’ म्हटले. तोर्बर्न बर्गमनसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या लिखाणातही हा शब्द येतो. डच भाषेत आजही ‘त्राप’ म्हणजे जिना आणि जर्मनमध्ये ‘ट्रेपे’. इंग्रजांनी शब्द उचलला, त्याचा उच्चार आपल्या सापळ्यासारखा केला आणि आमच्या आठवीच्या वर्गात घोटाळा झाला.

यातली एक गंमत भूगोलाच्या मास्तरालाच कळेल अशी आहे. कीनेकुलेच्या माथ्यावरचा तो काळा खडक जमिनीवर वाहिलेला लाव्हा नव्हेच. तो बाकीच्या थरांच्या बेचक्यात शिरून आतच थिजलेला रस आहे आणि तोही एकच थर. पायऱ्यांतल्या बाकीच्या पायऱ्या दुसऱ्याच खडकांच्या. म्हणजे ज्या डोंगराला बघून नाव पडले, त्याच्या जिन्यात त्राप ही फक्त सगळ्यात वरची पायरी. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकाच जातीच्या काळ्या खडकाचा खरा जिना पाहायचा असेल, तर सह्याद्रीतच यायला हवे. नाव तिकडे पडले, शोभले इकडे.

इकडे ते आणले इंग्रज अधिकाऱ्यांनी. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडला. माणूस चौफेर होता. पक्ष्यांच्या नादी असलेल्यांना त्याच्या नावाचा चंडोल माहीत असेल. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला. त्याने १८३३ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात दख्खनच्या एका भागावर लेख लिहिला. त्यात ‘दख्खन’ हा शब्द त्याने ‘डुखुन’ वाटावा असा लिहिला आहे. ‘डेक्कन ट्रॅप’ या जोडनावाचा उगम सामान्यतः तिथपर्यंत नेतात. संस्कृत ‘दक्षिण’चे प्राकृत रूप आणि स्वीडिश जिना यांची ही सोयरीक एका इंग्रजाने जमवली आणि ती जवळपास दोनशे वर्षे टिकून आहे.

का टिकली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या काळात ‘त्राप’ हा शब्द रूढ होत होता, त्या काळात हा काळा खडक झाला कसा यावर युरोपात अक्षरशः भांडणे चालू होती. जर्मनीतल्या फ्रायबर्गचा वेर्नर नावाचा मोठा अध्यापक ठासून सांगे की हा खडक पाण्यात साका बसून तयार झाला. त्याचे शिष्य देशोदेशी तेच सांगत. उलट फ्रान्समधल्या देमारे याने ओव्हेर्न्य भागात विझलेल्या ज्वालामुखींच्या तोंडापासून निघालेला ओघळ पायी चालत तपासला आणि हा खडक वितळून वाहिलेला आहे असे दाखवले. आज आपल्याला ठाऊक आहे की देमारे बरोबर होता. पण ‘त्राप’ म्हणणाऱ्याला या भांडणात पडायचे कारणच नव्हते. पाण्याचा म्हणा, अग्नीचा म्हणा, दिसतो तर पायरीसारखा! ज्यांनी आपल्या समजुतीवरून नावे ठेवली, त्यांची नावे समजुतीबरोबर गेली. डोळ्यांनी जे दिसले तेवढेच ज्याने म्हटले, त्याचा शब्द राहिला.

‘बेसाल्ट’ या शब्दाची कथा याहून वळणाची. रोमन लेखक प्लिनी याने ‘बसानितेस’ नावाच्या लोखंडी रंगाच्या कठीण दगडाचा उल्लेख केला आहे. त्याचा संबंध ग्रीक ‘बसानोस’ या शब्दाशी लावतात, आणि त्याचा अर्थ कसोटी, म्हणजे सराफ ज्यावर सोने घासून बघतो तो काळा दगड. नकला करणाऱ्या कुणा लेखनिकाच्या हातून ‘बसानितेस’चे ‘बसाल्तेस’ झाले आणि १५४६ साली जर्मनीतल्या आग्रिकोलाने श्टोल्पेनच्या किल्ल्याखालच्या काळ्या खांबांसारख्या खडकाला तेच नाव दिले. म्हणजे सगळ्या जगात चाललेला हा शास्त्रीय शब्द मुळात एक हस्तदोष आहे. आमच्या मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका तपासताना हे आठवले की लाल पेन थोडे हलके चालायचे.

आता सह्याद्रीचा जिना. आमच्या वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने एस.टी. चढते तेव्हा खिडकीशी बसलेल्याने समोरच्या डोंगराकडे पाहावे. तळापासून माथ्यापर्यंत आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात आणि दरीच्या या अंगाची रेघ त्याच उंचीवर पलीकडच्या अंगालाही सापडते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून हा रस पुन्हा पुन्हा वर आला आणि पसरला. डायनोसॉर संपले ते याच काळात. त्यांच्या संपण्यात या लाव्ह्याचा वाटा किती आणि मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. एक थर आला की तो थिजायचा. वरचे अंग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र राहायचे, पोटातला भाग घट्ट व्हायचा. मध्ये कधी थोडा, कधी पुष्कळ काळ जायचा. तेवढ्यात वरच्या अंगाची माती व्हायची, झाडे यायची, तळी साचायची. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन याने त्यांचे वर्णन केले. मग पुढचा लाव्हा यायचा, त्या मातीला भाजून काढायचा आणि तिची गेरूसारखी लाल पट्टी व्हायची. घाटरस्ता रुंद करताना डोंगर कापतात तिथे काळ्या भिंतीत ही लाल रेघ स्पष्ट दिसते.

पुढचे काम पावसाचे. सच्छिद्र अंग आणि गेरू लवकर झिजतात, त्यांचा उतार होतो. घट्ट पोट उभे राहते, त्याचा कडा होतो. उतारावर माती, मातीत गवत आणि कारवी. कड्यावर काही टिकत नाही. झाली पायरी. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा खडक आहे आणि महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक भूमी त्यावर आहे. जाडी सगळीकडे सारखी नाही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर भोक पाडून पाहिले तेव्हा सुमारे ३४० मीटरवर ट्रॅप संपला आणि त्याखालचा प्राचीन खडक लागला. कोयनेजवळ अलीकडे पाडलेल्या खोल भोकात तो साधारण साडेबाराशे मीटर निघाला.

भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातल्या या थरांचे रासायनिक गुणांवरून गट पाडले आणि गटांना जी नावे दिली ती ऐकून मला तर घरच्या माणसांची हजेरी घेतल्यासारखे वाटले. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जगाच्या पाठीवर कुठेही या विषयाचा अभ्यास करणारा माणूस ‘आंबेनळी’ म्हणतो, मग त्याची जीभ कितीही अडखळो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी आमची लाल एस.टी. या क्रमातले वरचे तीन गट उलट्या क्रमाने उतरत जाते. त्या गाडीतल्या शंभरातल्या एकालाही हे ठाऊक नसेल. ती काही त्याची चूक नाही. त्याला सांगायचे काम माझ्यासारख्यांचे होते.

आणि इथे माझी खरी तक्रार आहे, ती आधी स्वतःविरुद्ध. परका शब्द आपण अर्थ न विचारता घेतला, हा अर्धाच दोष. दुसरा अर्धा असा की त्याच वस्तूंसाठी आपल्याकडे असलेले शब्द आपण वर्गात येऊच दिले नाहीत. परिभाषा करणाऱ्यांनी बेसाल्टला ‘असिताश्म’ असा शब्द दिला. शब्द निर्दोष आहे, संस्कृतात काळा दगड असा अर्थही होतो. पण तो कोणत्याही पाथरवटाच्या तोंडी कधी ऐकला आहे? त्याच्याकडे कातळ आहे, काळा पाषाण आहे, मुरूम आहे, गेरू आहे, कोकणात जांभा आहे. ज्या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे-हिरवट खडे भरलेले असतात, त्याला तो ‘मांजऱ्या’ म्हणतो. ते खडे म्हणजे झिओलाइट नावाची खनिजे. आमच्या मुलांच्या खिशात ती गोट्यांबरोबर असत आणि जगभरच्या संग्रहालयांत पुणे-नाशिकच्या नावाने काचेत असतात.

जिन्यालाही आपल्याकडे शब्द होता. सह्याद्रीत राहणारी माणसे डोंगराच्या दोन कड्यांमधल्या सपाट पायरीला ‘पदर’ म्हणतात. भीमाशंकरच्या वाटेवरचा पदरगड पुष्कळांनी ऐकला असेल. पदर म्हणजे लुगड्याचा तर खराच, पण पदर म्हणजे थरही. चिरोट्याला पदर सुटले, असे आपण म्हणतोच. स्वीडिश माणसाला पायरी दिसली, कारण त्याला वर चढून जायचे होते. आपल्या माणसाला पदर दिसला. त्यात डोंगराचा आकार आला, त्याची थरांची घडण आली आणि आसरा देण्याचा भावही आला. वाड्या पदरावरच वसतात, गुरे तिथेच चरतात आणि वरच्या थरातून झिरपलेले पाणी गेरूवर अडून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते तेही बहुधा पदराच्या कडेलाच. किल्ले बांधणाऱ्यांनी तर याच रचनेवर माच्या आणि बालेकिल्ले बसवले. कड्याला तट बांधावाच लागला नाही. एवढा नेमका शब्द हाताशी असताना मी एकतीस वर्षे ‘ट्रॅप’ लिहीत राहिलो आणि तोही न समजता.

शब्द गेले तर बिघडते काय, असे कुणी विचारील. माझ्या घरचाच दाखला देतो.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, शेतात विहीर काढायला घेतली. गावोगाव दुष्काळी कामावर माणसे खडी फोडत होती, त्याच काळातली ही गोष्ट. विहीर खोदायला आलेला वडार म्हातारा होता. चार परस मुरमातून खाली गेल्यावर काळा पाषाण लागला. सुरुंग लावून लावून सगळे थकले. पैसाही संपत आला. आबा म्हणाले, आता पुरे. तेव्हा तो म्हातारा तळातून वर आला, हातातला दगडाचा तुकडा आबांपुढे धरला आणि म्हणाला, “आण्णा, ह्यो पाषाण हाय तवर पानी न्हाई. पर ह्याच्या बुडाला लाल पट्टी लागंल, तिच्याखाली कुजका मांजऱ्या. तितं पानी हाय. एक परसाचं काम ऱ्हायलंय, थांबू नगासा.” त्याने समोरच्या डोंगराच्या कापाकडे बोट केले. तिथली लाल रेघ दाखवली आणि तीच रेघ शेताखाली कुठे यायला हवी याचा अंदाज त्याने बसल्या बसल्या सांगितला. परसापेक्षा थोडे अधिक खोदावे लागले. गेरू लागला, मांजऱ्या लागला आणि कोपऱ्यातून पाण्याची धार आली. मी तेव्हा कॉलेजात भूगोल घेऊन शिकत होतो. मला त्यातले काही कळले नव्हते.

त्याच शेतात काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने बोअर घेतली. पाणाड्या आला, तळहातावर नारळ उभा करून शेतभर फिरला, नारळ कलला तिथे खूण केली. गाडी आली. साडेतीनशे फुटांपर्यंत करडी धूळ उडत राहिली. पुतण्याने दुसरी जागा धरली. तिथे चारशे फूट. तीही कोरडी. मी म्हणालो, “अरे, पाषाणातून सरळ खाली जाऊन काय मिळणार? थरांच्या सांध्यात आणि कुजलेल्या अंगात पाणी असते.” तो म्हणाला, “काका, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?” त्याला मी आठवी ते दहावी भूगोल शिकवला होता.

या खडकात पाणी असते ते फटींत, झिजलेल्या मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट पाषाणात फट लागली तर लागली, नाही तर नुसती धूळ. खोल जाऊन क्वचित पाणी लागलेच, तर ते बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या विहिरीतूनच ओढलेले असते. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली ती उगीच नव्हे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमातही शेतीच्या आणि उद्योगाच्या विहिरी ६० मीटरपेक्षा खोल नेण्याला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या तालुक्यात याहून उथळ बोअरचे नाव निघाले की लोक कीव करतात. कायदा लिहिणाऱ्याला थर कळले होते. बोअर घेणाऱ्याला ते कळावेत अशी व्यवस्था मात्र आपण शाळेतच मोडून ठेवली आहे. तो म्हातारा वडार निरक्षर होता आणि त्याला डोंगर वाचता येत होता. आमचा पुतण्या पदवीधर आहे आणि त्याने कर्ज काढून साडेसातशे फूट धूळ विकत घेतली.

‘ट्रॅप’ हा शब्द काढून टाका असे माझे म्हणणे मुळीच नाही. हल्ली शास्त्रज्ञ त्याऐवजी ‘दख्खन ज्वालामुखी प्रांत’ असेही म्हणतात. म्हणोत. मला विचाराल तर सैबेरियातल्या अफाट लाव्हापठारालाही जगभर ‘ट्रॅप’च म्हणतात. इतका हिंडलेला शब्द आपल्या पोरांनाही ठाऊक हवा. फक्त पुस्तकात कंस करून ‘स्वीडिश: जिना’ एवढे छापा आणि शेजारी ‘पदर’ लिहा. मग मुलांना रांगेने बाहेर काढून समोरच्या डोंगराचे पदर मोजायला लावा. यासाठी नवे अनुदान लागत नाही. निम्म्या महाराष्ट्रातल्या शाळांना तर शाळेच्या मागेच डोंगर आहे. सहामाहीला ‘मोजलेले पदर किती?’ असा एका गुणाचा प्रश्न टाकला तर पालकही डोंगराकडे बघू लागतील. परीक्षेत विचारत नाहीत ते कुणी शिकत नाही, हे मीच तर त्या मुलाला सांगितले होते. तो आता पंचावन्नच्या घरात असेल. हे पान त्याच्या हाती पडले तर त्याने समजावे की आपण सापळ्यात राहत नाही आणि त्या दिवशी हसलो ते चुकले.

डोंगराचे मात्र जरा घाईने बघायला हवे. खडी आणि कृत्रिम वाळू याच काळ्या पाषाणाची होते. रस्ते हवेत, घरे हवीत, त्यासाठी दगड लागणार हे मलाही कळते. मी ज्या घरात बसून हे लिहितो आहे त्याचाही पाया खडीचाच आहे. पण गावाजवळचा, रस्त्यालगतचा, गाडी सहज पोहोचेल असा डोंगर सगळ्यांत आधी जातो. शाळेच्या खिडकीतून दिसतो तोही नेमका तोच.

गेल्या दिवाळीत नात गावी आली होती. तिला घेऊन आबांच्या विहिरीच्या काठावर बसलो आणि म्हटले, समोरच्या डोंगराला किती पदर आहेत ते मोज बघू. आधी मी मोजले. आमच्या बाजूने पाच दिसतात. लहानपणापासून पाचच आहेत. तिने बोट धरून खालून वर सावकाश मोजले आणि म्हणाली, “आजोबा, सात.” मी म्हटले, पुन्हा मोज. पुन्हा सात. मग मी तिच्या बोटाच्या रेषेत डोळा लावून पाहिले. डाव्या सोंडेवर क्रशरवाल्यांनी डोंगर टप्प्याटप्प्याने कापला आहे. ते दोन टप्पे अगदी सरळ, एका उंचीचे आणि इतर पदरांपेक्षा जास्त काळे होते. त्यांच्यावर गवत नव्हते. तिने तेही धरले होते.